कैग्याची अणुभट्टी बॉम्बसारखी फुटू शकते का?

निपाणीच्या बारावीतल्या मुला, तुझी भीती समजते, पण बॉम्बसारखी नाही फुटणार. कर्नाटकातल्या कैग्याच्या अणुवीज केंद्रात नैसर्गिक युरेनियम वापरतात. त्यात सहज फुटणारं युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतं, बॉम्बला ते कितीतरी जास्त लागतं. जड पाण्यानं (ज्यात साध्याऐवजी जड हायड्रोजन असतो) न्यूट्रॉनचा, म्हणजे अणूच्या गाभ्यातून सुटणाऱ्या कणांचा, वेग कमी केला तरच एकामागून एक अणू फुटण्याची साखळी चालते.

एक अणू फुटला की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. त्यातल्या सरासरी एकानंच पुढचा अणू फोडायचा, बाकीचे शोषले जायचे किंवा निसटायचे, हेच नियंत्रण. खरी मेख पुढं आहे. शेकडा एकाहूनही कमी न्यूट्रॉन उशिरा, काही सेकंदांनी निघतात. ते नसते तर भट्टी कुणाच्या बापाला आवरली नसती! त्या उसंतीमुळेच न्यूट्रॉन गिळणारे दांडे वेळेत आत-बाहेर करता येतात. १९४२ मध्ये शिकागोत भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीनं पहिली साखळी चालवली, तीही न्यूट्रॉन गिळणाऱ्या कॅडमियम धातूच्या दांड्यांनी आवरूनच.

काळजी करायचीच तर उष्णतेची कर. साखळी थांबली तरी इंधन तापतच राहतं, त्यामुळे पाणी फिरत राहायलाच हवं. २०११ ला जपानच्या फुकुशिमात भूकंप होताच भट्ट्या बंद झाल्या होत्या. पण त्सुनामीनं जनरेटर बुडवले आणि पंप थांबले.