अणुऊर्जा केंद्रातील बिघाड आणि न्यूरल नेटवर्क: शाखा कोणती घ्यावी?

प्रश्न: आम्ही बोईसरला राहतो. मुलगी बारावी झाली असून तारापूरसारख्या अणुऊर्जा केंद्रातील बिघाड कृत्रिम बुद्धिमत्तेने ओळखण्याच्या क्षेत्रात जायचे तिने ठरवले आहे. तिला 'एआय अँड डेटा सायन्स' हीच शाखा हवी आहे, मला इन्स्ट्रुमेंटेशन (मापन व नियंत्रण उपकरणांची शाखा) बरे वाटते. कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीचा, ऑप्शन फॉर्म भरायचा आहे. कृपया मार्गदर्शन करावे. – एक पालक

उत्तर: स.न.वि.वि.

आपल्या कन्येचे ध्येय योग्य आहे. मात्र त्यासाठी निवडलेल्या शाखेबाबत माझे मत आपल्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण या विषयाच्या स्वरूपातच आहे.

28 मार्च 1979 रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड केंद्रात दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. कंट्रोल रूममधील दिवा मात्र तो बंद झाल्याचे सुचवत होता, कारण बंद होण्याचा आदेश गेला एवढेच त्या दिव्याला कळत होते. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याचे इशारे एकदम सुरू झाले, आणि अणुभट्टीतले पाणी निसटत आहे हे दोन तासांहून अधिक काळ कोणाच्या लक्षात आले नाही. अशा गोंधळात शेकडो मापांचा एकत्रित अर्थ लावून बिघाडाचे नाव सांगणारी यंत्रणा असावी, या अपेक्षेने 1990च्या सुमारास न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीवर, संशोधनाला वेग आला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनीही 220 मेगावॉटच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांसाठी असे काम प्रसिद्ध केले आहे.

अडचण अशी, की खरे अपघात सुदैवाने फारच थोडे झाले असल्यामुळे नेटवर्कला शिकवायचा डेटा बहुतांशी सिम्युलेटरमधून, म्हणजे केंद्राच्या संगणकीय प्रतिकृतीतून, घ्यावा लागतो. अणुभट्टीतील उष्णता वाहून नेणाऱ्या शीतकाचा पाइप फुटला तरी प्राथमिक मंडलातील (हे शीतक जिथे फिरते त्या बंद मार्गातील) दाब उतरतो आणि वाफेची मुख्य वाहिनी फुटली तरी तो उतरतो; पहिल्या प्रसंगी अणुभट्टीच्या इमारतीत किरणोत्सर्गाचे माप वाढते, तर दुसऱ्यात ते सहसा वाढत नाही आणि प्राथमिक मंडल मात्र झपाट्याने थंड होते. कोणती मापे नेटवर्कला द्यायची आणि कोणत्या मापावर विश्वास ठेवायचा, हे ठरवायला संयंत्राची जाण लागते, जी कोडिंगच्या सरावातून येत नाही. दहा प्रकारचे बिघाड शिकलेले साधे नेटवर्क अकरावा, कधी न पाहिलेला बिघाडही त्या दहांपैकीच एकाच्या नावावर खपवते, तेही मोठ्या आत्मविश्वासाने. त्याला 'हे मला ठाऊक नाही' म्हणायला लावणे हा या क्षेत्रातला खरा कठीण प्रश्न आहे. (त्या मानाने सेन्सरचे माप हळूहळू सरकत असल्याचे ओळखणे सोपे, कारण शेजारच्या संबंधित मापांवरून ते किती असायला हवे याचा अंदाज नेटवर्क बांधू शकते.)

आता व्यवहाराचे. अणुऊर्जा केंद्रे चालवणाऱ्या एनपीसीआयएल या सरकारी कंपनीच्या एक्झिक्युटिव्ह ट्रेनी भरतीत, जी गेट या अभियांत्रिकी पदवीधरांच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर होते, अलीकडच्या वर्षांत मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन आणि सिव्हिल याच शाखांना जागा असतात. भाभा केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये संगणकशास्त्रालाही वाव आहे. पण 'एआय अँड डेटा सायन्स' या नावाची पदवी तेथे ग्राह्य धरली जाते का, हे त्या त्या वर्षीच्या जाहिरातीवरूनच पाहावे, कॉलेजच्या माहितीपत्रकावरून नव्हे.

तेव्हा पुण्याच्या सीओईपीतील किंवा नांदेडच्या श्री गुरू गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी संस्थेतील इन्स्ट्रुमेंटेशन वर ठेवावे, त्याखाली इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स घ्यावे, आणि तिच्या आवडीची शाखा यादीतून काढून न टाकता शेवटी ठेवावी. पायथन, संख्याशास्त्र आणि न्यूरल नेटवर्क पदवीच्या जोडीने मायनर (दुय्यम विषय) म्हणून किंवा ऑनलाइन शिकता येतात. कंट्रोल सिस्टिम, उष्णतेचे वहन आणि सेन्सरची प्रयोगशाळा यांची घरबसल्या भरपाई होत नाही. फॉर्म निश्चित करण्यापूर्वी एनपीसीआयएल आणि भाभा केंद्र या दोन्हींच्या भरतीच्या जाहिराती तिला स्वतःला वाचायला द्याव्यात आणि क्रम तिच्याच हाताने लावू द्यावा.