व्हिसाचा विमा आणि बर्फावरचा विमा

प्रश्न: मुलगी म्युनिकला नोकरीला आहे. फेब्रुवारीत मी, यजमान आणि 19 वर्षांचा मुलगा तिच्याकडे जाणार आहोत. पुढे सगळे मिळून इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये पाच दिवस स्कीइंग शिकायचा बेत आहे. व्हिसासाठी 50,000 डॉलरचा प्रवास विमा घेतला. त्यात ‘साहसी खेळ’ वगळल्याचं मुलाने वाचलं. एजंटला विचारलं तर व्हॉट्सॲपवर उत्तर आलं, ‘स्कीइंग चालतं ताई, टेन्शन घेऊ नका.’ यजमानांना बीपीची गोळी सुरू आहे, पण फॉर्ममध्ये एजंटनी ‘कोणताही आजार नाही’ असं भरलं आहे. काही झालंच तर कंपनी पैसे देईल का?
– एक वाचक, नाशिक

ताई, आहे त्या पॉलिसीवर निघालात आणि उतारावर कुणाचा गुडघा गेला, तर कंपनी बहुधा नाही म्हणेल आणि तिची बाजू भक्कम असेल. पण तुम्ही अजून घरी आहात. नाशिक सोडायच्या आधी यातलं जवळजवळ सगळं दुरुस्त करता येतं.

शेंगेन व्हिसाला, म्हणजे जर्मनी, इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या सामायिक व्हिसाला, किमान 30,000 युरोंचं संरक्षण लागतं. त्यात तातडीचे उपचार, रुग्णालयाचा खर्च, आजारपणात मायदेशी परत आणणं आणि मृत्यू एवढं यावं लागतं. स्कीइंगची दुखापत त्यात धरलेलीच हवी, अशी अट नाही. म्हणून वकिलातीने कागद स्वीकारला आणि पासपोर्टवर व्हिसा चिकटला, तरी बर्फावरच्या विम्याचा प्रश्न तसाच राहतो. बरीच कुटुंबं नेमकी इथे गाफील राहतात.

‘साहसी खेळ’ या शब्दांचा घोळ नीट समजून घ्या, कारण घरच्या मेडिक्लेममध्ये आणि प्रवास विम्यात त्यांचा अर्थ वेगळा निघतो. आरोग्य विम्यात काय वगळायचं याची भाषा विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेली आहे आणि ऑक्टोबर 2020 पासून ती जुन्या पॉलिसींनाही लागू झाली. त्यातलं नववं कलम धोकादायक आणि साहसी खेळांचं. पण ते ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेणाऱ्याला लागतं, तुमच्यासारख्या हौसेने शिकणाऱ्यांना नाही. ही ठरवून दिलेली भाषा प्रवास विमा आणि वैयक्तिक अपघात विमा यांना मात्र बांधत नाही. तिथे प्रत्येक कंपनी आपलं कलम आपण लिहिते. कुणी जादा हप्ता घेऊन स्कीइंग धरतं, कुणी फक्त स्की केंद्राने आखलेल्या उतारांवरचं धरतं, कुणी धरतच नाही. त्यामुळे शेजारच्यांना क्लेम मिळाला होता, यावर विसंबू नका.

मेडिक्लेमच्या या भाषेचा एक उपयोगही सांगून ठेवते. स्कीइंगमध्ये गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत नेहमीची. अनेकदा तिथे पट्टा बांधून देतात आणि शस्त्रक्रिया परत आल्यावर होते. बऱ्याच प्रवास पॉलिसींचं काम तुम्ही भारतात उतरलात की संपतं. तेव्हा नाशिकच्या शस्त्रक्रियेसाठी घरचं मेडिक्लेम पुढे करा. ‘साहसी खेळ होता’ म्हणून त्यांनी नकार दिला, तर ‘व्यावसायिक म्हणून’ हे शब्द त्यांना दाखवा.

आता एजंटचा मेसेज. पॉलिसीची भाषा संदिग्ध असेल तर अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये चांदूमल जैन खटल्यात सांगितलं. वगळणारं कलम ग्राहकाला कळवलंच नसेल तर कंपनीला त्याचा आधार घेता येत नाही, हे 2000 साली मॉडर्न इन्शुलेटर्सच्या निकालात आलं. हे दोन्ही निकाल मी ग्राहक आयोगापुढे नेहमी वापरते. पण तुमच्या बाबतीत अडचण अशी की, तुमच्या मुलाने कलम वाचलं आणि तुम्ही त्याबद्दल विचारलंत. जो मेसेज तुम्हाला आधार वाटतो, तोच कलम तुम्हाला माहीत होतं याचाही पुरावा आहे. एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो, तेव्हा त्याच्या शब्दावरून भांडता येईल. पण ते भांडण वर्षानुवर्षं चालेल, आणि इटलीतल्या रुग्णालयाचं बिल आधी तुमच्या खिशातून जाईल. माझ्याकडे एक गृहस्थ असाच मेसेज घेऊन आले होते. दरम्यान फोन बदललेला, बॅकअप नाही, हातात फक्त एक कापलेला स्क्रीनशॉट, त्यावर तारीखही नाही.

म्हणून आजच कंपनीच्या अधिकृत ईमेलवर, पॉलिसी क्रमांक घालून, एवढं लिहा: ‘आम्ही अमुक तारखांना इटलीत आखलेल्या उतारांवर, प्रशिक्षकाबरोबर, हौशी म्हणून स्कीइंग करणार आहोत. उपचार, उतारावरून किंवा हेलिकॉप्टरने केलेला बचाव, मायदेशी परत आणणं आणि तिसऱ्या व्यक्तीचं नुकसान या चारही गोष्टींना संरक्षण आहे का? नसल्यास जादा हप्ता घेऊन एन्डॉर्समेंट (पॉलिसीत लेखी बदल) द्या.’ बचावाचा खर्च मुद्दाम वेगळा विचारा. उपचार मान्य आणि हेलिकॉप्टर अमान्य, असंही घडतं. कंपनी नाही म्हणाली तर दुसऱ्या कंपनीची स्कीइंग धरणारी पॉलिसी घ्या, पण व्हिसाला जोडलेली पॉलिसी रद्द करू नका. आणि हे भारतातून निघायच्या आधीच करा. आपल्याकडच्या प्रवास पॉलिसी साधारणपणे निघाल्यावर मिळत नाहीत.

बीपीची गोष्ट मला स्कीइंगपेक्षाही गंभीर वाटते. त्याच ईमेलमध्ये यजमानांचं निदान आणि गोळीचं नाव लिहून नोंद दुरुस्त करून घ्या. थोडा हप्ता वाढेल, वाढू द्या. मनमोहन नंदा यांचा खटला आठवतो. 2009 मध्ये ते अमेरिकेला गेले, सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. कोलेस्टेरॉलची गोळी कळवली नव्हती म्हणून कंपनीने नकार दिला. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण मधुमेह असल्याचं त्यांनी कंपनीपासून लपवलं नव्हतं, हे त्यात महत्त्वाचं ठरलं. तुमच्या फॉर्मवर तर सरसकट ‘नाही’ आहे. ‘एजंटनी भरलं’ हे सही तुमची असताना फारसं टिकत नाही.

इटलीचा एक नियम तिथे पोचायच्या आधी माहीत हवा. 1 जानेवारी 2022 पासून उतारावर उतरणाऱ्या प्रत्येकाकडे तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा असणं बंधनकारक आहे. नसेल तर दंड होतो आणि स्की पासही, म्हणजे उतारावर जायचं तिकीटही, काढून घेतात. साधारणपणे पास घेताना काउंटरवरच काही युरोंत दिवसाचा विमा मिळतो. तुमच्या पॉलिसीत ‘वैयक्तिक दायित्व’ असलं तरी तिथेही साहसी खेळ वगळलेले असू शकतात, म्हणून तो काउंटरवरचा विमा घ्याच. यामागे ठोस कारण आहे: दोन स्कीअर धडकले तर उलट सिद्ध होईपर्यंत दोघांचाही सारखाच दोष आहे, असं इटलीचा कायदा गृहीत धरतो. नवशिका मुलगा कुणाच्या अंगावर गेला, समोरच्याचा खांदा मोडला, तर तो दावा तुमच्या घरापर्यंत येऊ शकतो. मुलीलाही सांगा, तिचं जर्मन आरोग्य विम्याचं युरोपीय कार्ड इटलीतल्या सरकारी उपचारांना चालतं, पण डोंगरावरचा बचाव आणि परत आणण्याचा खर्च त्यात येत नाही.

तिथे गेल्यावर आखलेला, खुला उतार सोडू नका. दुपारच्या जेवणात वाइन घेऊन पुन्हा स्की चढवू नका. दारूचं कलम जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत असतं आणि इटलीचा कायदाही पिऊन स्कीइंग करणं खपवून घेत नाही. अपघात झालाच तर भरती होण्याआधी किंवा झाल्यावर लगेच विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवा. तो क्रमांक चौघांच्याही फोनमध्ये असू द्या, कारण फोन बहुतेक वेळा पडलेल्याच्याच खिशात असतो. बचाव पथकाचा अहवाल, त्या दिवसाचा स्की पास आणि डिस्चार्जचे मूळ कागद जपून आणा.

एवढं करूनही नकार आला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. तिथे 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही, वकीलही लागत नाही. नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे, आणि 2019 च्या कायद्यामुळे तुम्हाला नाशिकच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो.

कंपनीचं उत्तर आलं की ते आणि पॉलिसीची पूर्ण प्रत मला पाठवा. तुम्ही निघायच्या आधी मी वाचून कळवीन.