जुनी पिकअप घरच्या घरी दुरुस्त करता येते का?

तुमचा प्रश्न असा: २००८ ची डिझेल पिकअप आहे, गॅरेजचं बिल परवडत नाही, घरीच कामं शिकायची तर सुरुवात कुठून करू, हत्यारं कोणती घेऊ, खर्च किती येईल, की यात पडूच नये आणि सरळ एखादा चांगला मिस्त्री धरावा? मी त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलोय. बाकीचं जमेल तसं मध्ये मध्ये येईल.

मिस्त्री जरूर धरा. पण आपल्या गाडीत काय आहे आणि काय नाही हे मालकाला ठाऊक नसेल, तर चांगला मिस्त्रीही शेजारी उभा राहून बडबडणाऱ्या माणसाचं ऐकून काम करतो. आमच्याकडे तो माणूस म्हणजे आमचे दाजी.

आमची गाडी २००६ ची टाटा २०७, अण्णांनी जुनीच घेतलेली. घरचे चार लूम, टॉवेलचे गठ्ठे कधी ट्रान्सपोर्टला टाकायचे, कधी थेट बार्शी नाहीतर लातूर. अण्णा गाडी चालवायचे, पण बॉनेट उघडायचे नाहीत. गॅरेजचा कारभार दाजींकडे. दाजींची स्वतःची पिकअप आहे, मार्केट यार्डात कांद्याची भाडी मारतात, आणि चार चाकांवर चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्यांचं मत तयार असतं. मी लूमवर बसायचो, मला कोण विचारतो.

२०१७ चा मे. सोलापुरात पारा ४३ च्या घरात. गठ्ठे भरून मी लातूरला निघालो. तुळजापूरच्या घाटापर्यंत तापमानाचा काटा मधोमध होता, घाटाला लागलो तसा चढायला लागला. दुसऱ्या गिअरवर दोन वळणं घेतली आणि बॉनेटच्या फटीतून वाफ. बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, तासभर बसलो. थंड झाल्यावर पिण्याचा कॅन ओतला, वर गेलो, परत तेच. शेवटी तुळजापुरात माल दुसऱ्या गाडीत भरून दिला आणि आपली गाडी टोचन करून घरी आणली. त्या दिवशीचं भाडं, टोचनचे पैसे आणि पार्टीच्या शिव्या, तिन्ही माझ्या नावावर.

सकाळी रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून सेल्फ मारला. बुडबुडे. डिपस्टिक काढली तर ऑइल चहासारखं. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पाणी-ऑइल अडवणारी पट्टी) गेलं, हे सांगायला मिस्त्री लागत नाही. गॅरेजवाल्यानं २२,००० सांगितले. दाजी म्हणाले, ‘‘देऊन टाका. जुनी गाडी, एवढं धरूनच चालायचं.’’

मला राग आला तो ‘धरूनच चालायचं’ यावर. आमच्याकडे लूमचा जॉबर आहे, आम्ही त्यांना मामा म्हणतो. सगळं आयुष्य लूम खोलण्या-जोडण्यात गेलेलं. मामा म्हणाले, ‘‘खोलू की ओ, त्यात काय. खोलताना जे जसं निघंल ते तसं ओळीनं मांडायचं, एवढंच.’’ पावरलूमवाल्यांना माहिती आहे, चांगल्या जॉबरच्या हाताला पान्याचा अंदाज असतो. अंगणात लिंबाखाली जुनी चादर अंथरली आणि दोघं बसलो.

थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचं, हाऊसिंग उघडलं तर आत काहीच नाही. नुसती पोकळ जागा.

गॅरेजला फोन केला. मिस्त्री शांतपणे म्हणाला, ‘‘ते मीच काढलं दिवाळीत. तुमच्या दाजींनी सांगितलं, सोलापूरच्या उन्हाला कशाला पाहिजे, थंड देशातली वस्तू आहे ती.’’

हे वाक्य तुम्हीही ऐकणार आहात, म्हणून इथं थांबतो. थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड राहते, ही आपल्याकडची सगळ्यात टिकाऊ अंधश्रद्धा आहे. डिझेल इंजिनाला ८०-९० अंशाच्या आसपास चालायचं असतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ला उघडायला लागतो (आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो), तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरतं. तो काढला तर रिकाम्या गाडीला इंजिन नीट तापतच नाही, डिझेल जास्त खातं, ऑइलमध्ये काळा गाळ साठतो, रिंगा लवकर झिजतात. आता दाजींनी नीट ऐकावा असा भाग. बऱ्याच इंजिनांत पाणी रेडिएटरला न जाता परत पंपाकडे वळवणारी एक वाट असते, बायपास. थर्मोस्टॅट वर उघडतो तेव्हा त्याचीच खालची चकती ती वाट बंद करते. अख्खा थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायम उघडा. म्हणजे घाटात, लोडवर, नेमकी गरज असते तेव्हा गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला न भेटताच आत फिरत राहतो. थंडीसाठी काढलेली वस्तू घाटात इंजिन उकळवते, ती अशी.

गाडीत थर्मोस्टॅट आहे की नाही हे न खोलता कळतं. सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या पाईपला हात लावून बसा. बराच वेळ थंडगार राहून मग एकदम चटका बसला, तर आहे आणि चालतोय. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, तर काढलेला आहे नाहीतर उघडा अडकलाय. जुनी पिकअप घेतल्यावर माझ्या मते पहिलं काम हे. पाना लागत नाही.

तर हेड. बोल्ट सैल करताना कडेकडून मधे यायचं, कसताना मधून कडेला जायचं, तेही एका दमात न कसता तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं (किती जोरानं कसलं हे दाखवणारा पाना). ‘हाताच्या अंदाजानं’ म्हणणाऱ्याला चहा द्या आणि घरी पाठवा. मामांनाही मी इथं अडवलं, त्यांना ते आवडलं नाही. हेड फेसिंगला, म्हणजे तळ सपाट घासून घ्यायला, एमआयडीसीत दिलं, रेडिएटर साफ करायला दिला. नवा थर्मोस्टॅट आणला तो बसवण्याआधी आईच्या दुधाच्या पातेल्यात दोऱ्यानं टांगून उकळला. थर्मामीटर डाईंगवाल्या मित्राकडून आणला, तिथं सुताच्या रंगाला लागतोच. ८२ ला हलला, ९५ पर्यंत पूर्ण उघडला. आईनं ते पातेलं परत घरात घेतलं नाही, अजून ग्रीसच्या डब्याशेजारी आहे.

गाडी जोडली, सुरू केली. दाजी मुद्दाम आले होते, पायरीवर बसून बघत होते. दहा मिनिटांत काटा लालला टेकला.

‘‘बघा,’’ दाजी म्हणाले. ‘‘मी काय म्हणत होतो?’’

थर्मोस्टॅट मी उलटा बसवला होता. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे पाहिजे, गरम पाणी तिला लागलं पाहिजे, तरच तो उघडतो. मी ती रेडिएटरकडे केली होती. लगेच इंजिन बंद केल्यामुळे वाचलो. थंड झाल्यावर दोन बोल्ट काढले, सुलटा केला, अर्ध्या तासाचं काम. पण दाजी तोवर निघून गेले होते, आणि आजतागायत पाहुण्यांत ही गोष्ट ते ‘काटा लालला टेकला’ इथंच संपवतात. त्यापुढं आठ वर्षं ती गाडी तोच घाट चढतेय, हे ते सांगत नाहीत, म्हणून मी सांगतोय. सगळे मिळून ९,५०० लागले, टॉर्क रेंच मागून आणला होता.

आता तुमचं. हत्यारांत रिंग पाने आणि फिक्स पाने ८ ते ३२ मिमी, गोटी पान्यांचा एक बरा सेट, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), ग्रीस गन, टॉर्क रेंच (मागून आणला तरी चालेल, पण वापरा), चांगला हायड्रॉलिक जॅक. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जायचं नाही. चेसीखाली स्टँड, ते नसतील तर जाड लाकडी ठोकळे. दगड-वीट नको, वीट एकदम फुटते.

सुरुवात ग्रीसपासून करा. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, पाट्यांच्या पिना, जिथं जिथं निपल (ग्रीस भरायचं टोक) आहे तिथं, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा. मग ऑइल आणि फिल्टर. डिझेलचं ऑइल बदलल्यावर चार दिवसांत काळं होतं, घाबरू नका, त्याचं कामच काजळी धरणं आहे. एअर फिल्टर कागदी असेल तर हवा आतून बाहेर मारायची. बाहेरून मारली की धूळ कागदात रुतते. सोलापूरच्या धुळीत पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरची वाट बघू नका. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पावसाळ्यात अधूनमधून पाणी सोडा. फिल्टर बदलला किंवा टाकी कोरडी पडली की एअर धरते, म्हणजे डिझेलच्या पाईपात हवा शिरते. तेव्हा सेल्फ मारमारून बॅटरी संपवायची नाही, हातपंपानं दाब देऊन फिल्टरचा ब्लीड स्क्रू उघडायचा, फेस जाऊन अखंड धार आली की कसायचा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावणं शिकायला सोपं आहे, पण इंजिन थंड असताना, आणि गॅप तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला. मिस्त्रीच्या तोंडचा नको.

आणि पाणी. हे मी वर लिहायला हवं होतं. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे गाडीत जातं ते बोअरचं. बोअरचं पाणी म्हणजे क्षार. केटलीत जसा पांढरा थर धरतो तसा तो रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडमध्ये धरतो, आणि तो थर उष्णता अडवतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला, कितीही महाग वाटलं तरी. रेडिएटरचं झाकणही बघा. त्यावर दाबाचा आकडा असतो, पुष्कळ गाड्यांना ०.९ बार. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं तर आपल्या सोलापूरच्या उंचीवर ते शंभरीच्या आतच उकळतं. झाकण स्वस्त आहे, हेड नाही. गरम असताना ते उघडायचं नाही, हे तुम्हाला माहीतच असेल.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर रेडिएटरवाल्यानं टाकी उघडून दाखवली तेव्हा जवळजवळ निम्म्या नळ्या चुन्यानं बुजल्या होत्या. म्हणजे घाटात गाडी तापली ती नुसत्या थर्मोस्टॅटमुळे, असं मी शपथेवर म्हणणार नाही. दोन्हींनी मिळून केलं असणार. पण बोअरच्या पाण्याचा पाईप रेडिएटरला लावणारे कोण, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

काही कामं घरी करू नका. फ्युएल पंप आणि नोझल टेस्टिंग बेंचवरच. ब्रेक तुम्ही खोलाल, साफ कराल, पण पहिल्या दोन-तीन वेळा जाणता माणूस शेजारी उभा करा, आणि लायनिंगची धूळ तोंडानं फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. तुमची पिकअप मालवाहू असेल तर आठ वर्षांपुढं दरवर्षी पासिंग (फिटनेस तपासणी) असतं, तेव्हा ब्रेक आणि लाईट आधी महिनाभर बघून ठेवा, आदल्या रात्री नको. गाडी रोजच्या भाड्यावर असेल तर घरी हेड खोलण्याचा हट्टही करू नका. आम्हाला नऊ दिवस लागले, लूमचा माल घरचा होता म्हणून चाललं.

खर्चाचं विचारलं होतं. हत्यारं एकदम घेऊ नका, ज्या कामाला जे लागेल ते त्या वेळी घ्या, पण पाने चांगल्या स्टीलचे. स्वस्त पाना बोल्टचे कोपरे खातो आणि मग छिन्नी शोधावी लागते.

मागच्या महिन्यात भाचीचा साखरपुडा होता. ऐनवेळी केळीची पानं कमी पडली, दाजींनी त्यांच्या पिकअपची चावी माझ्या हातात दिली. गाडी सकाळपासून उभी होती. सुरू केली, दोन मिनिटं थांबलो, बॉनेट उघडून वरच्या पाईपला हात लावला. कोमट. पानं आणून दिली आणि पंगतीला दाजींच्या शेजारी बसलो.