आडवळणाने बोलणं म्हणजे ढोंगच का?

तुम्ही विचारलंय की मराठी माणूस घरात, पुस्तकात आणि सरकारी कागदात थेट न बोलता शब्द का फिरवतो, आणि हा सगळा दांभिकपणा नाही का.

कधी असतो, कधी नसतो. मी एवढंच बघतो की शब्द मऊ केल्याने त्रास कुणाचा वाचला. ऐकणाऱ्याचा वाचला असेल तर माझी हरकत नाही. बोलणाऱ्याचाच वाचला असेल तर मी कान टवकारतो.

आधी घरातलं बघू. दिवा विझवायचा नसतो, शांत करायचा असतो. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली'. घरातून निघताना चुकून 'जातो' तोंडातून गेलं की आजी दारापर्यंत मागे यायची आणि 'येतो' म्हणेपर्यंत चपलेत पाय घालू द्यायची नाही. रात्री सापाचं नाव काढायचं नाही, 'लांबडं' म्हणायचं. कुणाला तो चावला तर 'पान लागलं'. यात फसवणूक कुणाचीच होत नाही, कारण अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. पान लागलं म्हटल्यावर कुणी चुना-कात घेऊन धावत नाही.

या जातीचं मराठीतलं सगळ्यात गाजलेलं वाक्य कुठल्या कवीचं नाही, सावकारी पत्रातलं आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. नर्मदेच्या परिसरात सावकारांचा कासीद, म्हणजे पत्र नेणारा जासूद, त्यांच्या माणसांच्या हाती लागला. त्याच्याकडच्या पत्रातला मजकूर साधारण असा: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोत्यं म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. विश्वासराव नानासाहेबांचा थोरला मुलगा, भाऊ चुलतभाऊ. बापाला मुलगा गेल्याचं कळलं ते हिशेबाच्या भाषेत, आणि तेही दुसऱ्यांसाठी लिहिलेल्या पत्रातून. त्याच वर्षी जून महिन्यात पर्वतीवर नानासाहेब वारले.

शाळेत हे वाक्य आपल्याला गहिवरून शिकवतात. मला मात्र त्यातला 'खुर्दा' टोचतो. सरदार मोहरा झाले आणि गावोगावची पोरं चिल्लर. शोक सांगतानासुद्धा लिहिणाऱ्याने उतरंड मोडली नाही, आणि आपणही ते वाक्य पाठ म्हणताना कधी अडखळलो नाही.

साहित्यात उलटा प्रकारही भरपूर झालाय, म्हणजे मुळात रोखठोक असलेलं नंतरच्यांनी सभ्य करून घेतलं. 'भले तरी देऊ कासेची लंगोटी' हे तुम्हाला पाठ असेल. गाथेत तुकोबांचा शब्द 'कासेची' नाही, 'गांडीची' आहे. तुकोबांना तो लिहिताना लाज वाटली नाही, छापून शिकवणाऱ्यांना वाटली. आता इथे कुणाचा संकोच वाचला? तुकोबांचा तर नक्कीच नाही.

घरातल्या सगळ्याच मऊ शब्दांना मी पास करत नाही. 'कावळा शिवला' घ्या. आई चार दिवस कोपऱ्यात वेगळी बसायची. पोरांनी विचारलं तर उत्तर तेवढंच. मुलं बिचारी कावळा कुठून आला ते शोधत अंगणात जायची. मुलांना ते गमतीचं, पण त्याच घरातल्या मुलीला पाळी आली की ती घाबरून जायची, कारण कुणी काही सांगितलेलंच नसायचं. मोठ्यांचा पाच मिनिटांचा अवघडलेपणा वाचला आणि त्याची किंमत पोरीने मोजली.

तसंच 'गं. भा.'चं. लग्नपत्रिकेत विधवेच्या नावामागे गंगा भागीरथी छापायचं, केवढा मान! आणि त्याच लग्नात हळद लावायची वेळ आली की तिने आपणहून मागे सरकायचं. एप्रिल २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' वापरता येईल का यावर चर्चा करायला खात्याला सांगितलं होतं. त्यावर इतकी टीका झाली की हा फक्त चर्चेचा विषय आहे, असा खुलासा करावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावाने ठराव केला होता: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्यांनी शब्दाला हात लावला नाही. 'विधवा' हा शब्द जिथल्या तिथे ठेवून त्याच्याभोवतीची प्रथाच काढून टाकायला निघाले.

आता सरकारी भाषा, जिच्यापुढे घरातल्या आजीबाई अगदीच निरागस वाटतात. १९६३ साली महाराष्ट्राने चक्क एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून 'फॅमिन', म्हणजे दुष्काळ, हा शब्द काढायचा आणि तिथे 'स्कार्सिटी', म्हणजे टंचाई, घालायचं. कारण काय, तर शासनाचं शेतीच्या परिस्थितीवर सतत लक्ष असतं, टंचाईची चिन्हं दिसताच मदत सुरू होते, त्यामुळे दुष्काळाला आता वावच उरलेला नाही. विहिरीला पाणी लागावं म्हणून 'कोरडी' शब्द खोडायचा, तसलं हे. नऊ वर्षांनी बहात्तर साल आलं. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं सरकारी कामांवर खडी फोडत आणि माती वाहत होती, सुकडी आणि मिलो नावाची लाल ज्वारी खाऊन दिवस काढत होती. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. 'बहात्तरची टंचाई' असं कुणी म्हणत नाही. बहात्तरचा दुष्काळच म्हणतात.

पुढे 'दुष्काळ' या शब्दाला 'सदृश', म्हणजे 'सारखं', हे शेपूट मिळालं. २०१५-१६ ला मराठवाडा करपून गेला होता, पाणी रेल्वेने लातूरला आणलं जात होतं आणि कागदावर परिस्थिती 'दुष्काळसदृश' होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं तेव्हा मे २०१६ मध्ये सरकारने सांगितलं की सुमारे २९ हजार गावांबाबत जिथे 'दुष्काळसदृश' आहे तिथे 'दुष्काळ' वाचावं. एका शब्दासाठी कोर्टापर्यंत जावं लागलं. २०१८ च्या ऑक्टोबरात पुन्हा तोच खेळ: २३ तारखेला १८० तालुके 'दुष्काळसदृश', ३१ तारखेला त्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ. त्या आठ दिवसांत काही जमिनीची भेग रुंदावली नव्हती.

एवढी काटकसर एका शब्दाची का? कारण दुष्काळ म्हटलं की सूट द्यावी लागते, वसुली थांबवावी लागते, केंद्राकडे हात पसरावे लागतात आणि विरोधकांना आयता मुद्दा मिळतो. 'सदृश' म्हटलं की निदान काही आठवडे निभावून नेता येतं. बातम्यांमधला 'सौम्य लाठीमार' त्याच घराण्यातला. लाठी सौम्य लागली हे ज्याच्या पाठीवर पडली त्याने कधी सांगितलेलं नसतं. शिवाय तो लाठीमार कुणी 'करत' नाही, तो 'करण्यात येतो'.

आणि या सगळ्यात मला ज्याचा खरोखर राग येतो तो शब्द दिसायला अगदी साधा आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की जिल्हा पातळीवरची समिती प्रकरण तपासते. जमीन कुणाच्या नावावर होती, कर्ज कुणाचं होतं, थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का. निकषांत बसलं तर कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत, नाही तर नाही. निकष असायला माझी हरकत नाही, सरकारी पैसा आहे. पण नोंद कशी होते? आत्महत्या 'पात्र' किंवा 'अपात्र'. अर्ज अपात्र म्हणता आला असता, मदतीचा दावा म्हणता आला असता. कागदावर मात्र मरणच नापास होतं, आणि सातबारा सासऱ्याच्या नावावर का राहिला हे त्या शेतकऱ्याच्या बायकोने तलाठ्याला समजावत बसायचं.