माळ्यावर सापडलेली कवायती रायफल विकता येते का?

प्रश्न : आजोबा कवायत प्रशिक्षक होते. दोन वर्षांपूर्वी ते वारले. गेल्या महिन्यात घराचा माळा साफ करताना गोणपाटात गुंडाळलेली एक जुनी लष्करी रायफल सापडली. दस्ता जिथे धातूत बसतो तिथे उजव्या बाजूला मुकुट, ‘जीआरआय’, ‘इशापूर’ आणि १९३७ असे ठसे आहेत. शेजारी ‘डीपी’ अशी अक्षरे आहेत. दस्त्यावर पांढरा पट्टा रंगवलेला आहे आणि नळीला मागच्या बाजूला एक भोक पाडलेले आहे. रायफल दिसायला मोठी, पण नळीचे तोंड फारच बारीक आहे. खालची मॅगझिनची पेटी आतून रिकामी आहे. आजोबांचा परवाना घरात सापडला नाही. एक संग्राहक म्हणतो, ‘डीपी आहे, परवाना लागत नाही, रोख देतो.’ ही रायफल नेमकी कोणती, तिची किंमत किती, आणि विकू का?

उत्तर : विकू नका, आणि त्या संग्राहकाला घरी बोलावून दाखवूही नका. ‘डीपी’ म्हणजे ‘ड्रिल पर्पज’, फक्त कवायतीसाठी. हा सैन्याने स्वतःच्या सोयीसाठी मारलेला ठसा आहे. गोळीबारासाठी वापरायची नाही, एवढेच तो सैनिकाला सांगतो. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘डीपी’ला कसलीही सूट नाही.

सूट आहे ती कलम ४५(क) मध्ये. कालबाह्य पद्धतीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त हत्यार, जे दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. त्यातले शेवटचे शब्द नीट वाचा. जुनेपणा पुरेसा नाही आणि आज गोळी सुटत नाही हेही पुरेसे नाही. दुरुस्त करूनही सुटू नये, अशी अट आहे. नळीला भोक असेल तर नळी बदलता येते, फायरिंग पिन (काडतुसावर टोला मारणारी सळई) काढलेली असेल तर नवी बसवता येते. म्हणून न्यायालयात प्रश्न ठशाचा राहत नाही, बॅलिस्टिक (बंदूक व काडतूस तपासणाऱ्या) तज्ज्ञाच्या अहवालाचा होतो.

आता ओळख. तुमच्या वर्णनावरून हे .३०३ लष्करी रायफलीच्या सांगाड्यावर बनवलेले .२२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचात) प्रशिक्षण हत्यार असावे आणि पुढे त्यालाच कवायतीसाठी बाद केलेले असावे. ब्रिटिश सैन्यात या जातीला ‘नंबर २ मार्क ४ स्टार’ म्हणत. वजन आणि हाताळणी खऱ्या रायफलीची, पण काडतूस स्वस्त आणि धक्का नगण्य, त्यामुळे नवशिक्यांना त्यावर शिकवले जाई. मॅगझिनची पेटी रिकामी असण्याचे कारणही हेच. त्यात काडतुसे भरत नाहीत, एकेक काडतूस हाताने घालायचे आणि रिकाम्या पुंगळ्या पेटीत पडतात. नळीच्या तोंडाकडे बाजूने पाहा. एकात एक अशी दोन वर्तुळे दिसली तर जुन्या .३०३ नळीत .२२ ची आतली नळी बसवलेली आहे. एकच जाड कडा दिसली तर ती .२२ साठीच घडवलेली नळी आहे.

रायफल .२२ ची की .३०३ ची, हा फरक संग्राहकापेक्षा कायद्याला जास्त महत्त्वाचा वाटतो. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत साधी .२२ रिमफायर (काडतुसाच्या काठावर टोला बसणारी) रायफल तिसऱ्या वर्गात येते आणि तिचा परवाना जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात. पण .३०३ किंवा ७.६२ मि.मी. चे लष्करी काडतूस ज्यात बसते आणि सुटते ती बोल्ट-ॲक्शन (हाताने बोल्ट म्हणजे खिटी ओढून काडतूस भरायची) रायफल निर्बंधित वर्गात जाते आणि तिची परवानगी केंद्रीय गृह मंत्रालयाकडे असते. .४१० मस्केटही त्याच वर्गात आहे. तीही इशापूरच्या शस्त्र कारखान्यात .३०३ च्याच सांगाड्यावर बनवलेली आहे आणि लांबून सारखीच दिसते, म्हणून गफलत होते. तिची नळी आतून गुळगुळीत, बिनखाचांची असते आणि मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा असतो. .२२ आणि .३०३ यांतला भेद बोल्टच्या तोंडावर दिसतो. .२२ मध्ये पिनेचे भोक कडेला असते, कारण तिथे काडतुसाच्या काठावर टोला बसतो. .३०३ मध्ये ते मधोमध असते. ही तपासणी मात्र तज्ज्ञाला करू द्या. तुम्ही बोल्ट ओढू नका, चाप दाबू नका. आत काडतूस अडकलेले नाही याची खात्री कुणीही दिलेली नाही.

आणखी एक चूक बरेच जण अशा वेळी करतात. गंज काढायला सँडपेपर घेतात. त्याने संग्रहमूल्य तर जातेच, पण कलम ८ प्रमाणे बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा ओळखखूण पुसणे गुन्हा आहे. खूण पुसलेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडते त्यानेच ती पुसली, असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. घरीच आणखी भोके पाडून किंवा वेल्डिंग करून ती ‘निकामी’ करण्याचा विचारही सोडा. त्याने सूट मिळत नाही, उलट पुराव्यात ढवळाढवळ केल्यासारखे दिसते.

तुमच्यावरचा धोका किती? परवान्याशिवाय बंदूक बाळगल्यास कलम २५(१ब)(अ) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद व दंड आहे. पण कब्जा जाणीवपूर्वक असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात हे स्पष्ट केले आहे. गोणपाट उघडेपर्यंत तुम्हाला माहीत नव्हते, हा तुमचा भक्कम बचाव आहे. उघडल्यानंतरच्या दिवसांना तो लागू होत नाही. एक महिना गेला आहे, आता एक आठवडाही घालवू नका.

पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावे अर्ज दोन प्रतींत लिहा. आजोबांचा मृत्यू कधी झाला, रायफल कोणत्या दिवशी, कुणासमक्ष सापडली, त्यावर कोणते ठसे व क्रमांक आहेत, भोक कुठे आहे, काडतुसे मिळाली की नाही, हे सर्व त्यात येऊ द्या. कलम २१ खाली रायफल जमा करायची आहे, असे स्पष्ट शब्दांत लिहा. एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. रायफल स्वतः गाडीत घालून नेऊ नका, वाटेत नाकाबंदीत सापडलात तर तुमचा हेतू कागदावरच राहील. पोलिसांनी घरी येऊन पंचनामा करून न्यावी, अशी विनंती त्याच अर्जात करा. पावतीवर ‘जप्त’ नव्हे, ‘जमा’ हा शब्द हवा. सांगाड्यावरचा आणि बोल्टच्या दांड्यावरचा क्रमांक वेगवेगळे असतील तर दोन्ही नोंदवून घ्या. तज्ज्ञ तपासणीसाठी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवावी, अशी मागणीही लेखी करा.

दरम्यान आजोबांचा परवाना शोधा, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. जुनी परवाना पुस्तिका, नूतनीकरणाची चलने, निवडणुकीच्या काळात बंदूक जमा केल्याच्या पावत्या असे काहीही चालेल. घरात नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेकडे माहितीच्या अधिकारात त्यांच्या नावाची नोंद मागा. परवाना होता असे निघाले तर कलम २१(२) प्रमाणे वारसांना रायफल परत मिळण्याचा किंवा पात्र माणसाला विकण्याचा हक्क आहे आणि नियम २५ खाली वारसाला परवाना मागता येतो. इतर वारसांचे ना हरकत प्रतिज्ञापत्र त्याला जोडा. एका व्यक्तीला दोनच बंदुका ही मर्यादा वारशालाही लागू आहे. मुदतीत परत घेतली नाही किंवा विकली नाही, तर नोटीस देऊन ती सरकारजमा होऊ शकते, म्हणून पावती कपाटात ठेवून विसरू नका.

परवाना कधीच नव्हता असे निघाले आणि तज्ज्ञ म्हणाला की दुरुस्तीने चालू शकते, तर किमतीचा विचार सोडा. त्या स्थितीत ध्येय एकच, खटला टाळणे. कलम ३ च्या (परवान्याशिवाय बंदूक बाळगण्याच्या) गुन्ह्यासाठी कलम ३९ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वसंमती लागते. स्वतःहून जमा केल्याची पावती जोडून त्यांच्याकडे निवेदन द्या. ही रायफल सरकारी मालमत्ता होती का, असाही प्रश्न येईल. टोकाला टोक भिडलेले दोन बाण असा ठसा ब्रिटिश सेवेतून विक्रीस काढलेल्या हत्यारांवर असतो. तो असेल तर छायाचित्र अर्जाला जोडा. नसेल तर आजोबांना ती निवृत्तीच्या वेळी किंवा लिलावात मिळाल्याचा कागद शोधा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल स्वीकारण्याच्या गुन्ह्यासाठी अप्रामाणिक हेतू लागतो आणि तो तुमच्याकडे नाही.

किमतीबद्दल एवढेच सांगता येते. परदेशातल्या लिलावांचे आकडे इथे लावू नका. इथला ग्राहक म्हणजे त्याच वर्गाचा परवाना असलेला माणूस आणि तशी माणसे थोडी असतात. .२२ आणि चालू स्थिती असेल तर ग्राहक मिळतो. निर्बंधित वर्ग ठरला तर जवळपास मिळत नाही. ‘डीपी’ भोकाने नेमबाजाच्या लेखी मूल्य घसरते, पण कलम ४५(क) ची सूट लेखी मिळाली तर शोभेची वस्तू किंवा संग्रहालयाची वस्तू म्हणून ती मोकळेपणाने हलवता येते. मूळ लाकूड, जुळणारे क्रमांक आणि न घासलेले ठसे यांनाच तेव्हा दाम मिळतो. मूल्यांकन परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून लेखी घ्या, तेही रायफल पोलिसांकडे जमा असताना, त्यांच्या परवानगीने तिथेच पाहून. परवाना मिळाल्यावर विकायची झाली तर कलम ५(२) प्रमाणे घेणाऱ्याचे नाव-पत्त्यासह जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. आज रोख देतो म्हणणारा ग्राहक ते ४५ दिवस थांबायला तयार आहे का, हे त्याला तेव्हा विचारा.