लेटेकमध्ये पहिलं मराठी पुस्तक लावताना: आकडे आणि फाँट

लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत पहिलंच पुस्तक लावताय, फार आनंद झाला. झीलेटेक (XeLaTeX, लेटेकचं युनिकोड थेट वाचणारं रूप) घ्या, मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या बिगर-युनिकोड फाँटातला मजकूर असेल तर आधी रूपांतर करून घ्या. मग सुरुवातीला एवढंच सांभाळा.

१. आकडे देवनागरी की इंग्रजी, हे पहिल्याच दिवशी ठरवा. नवख्यांची नेहमीची चूक इथेच होते: मजकुरात १२३ देवनागरी, पण पृष्ठक्रमांक, तळटीपा आणि अनुक्रमणिका इंग्रजीत. मजकुरातले आकडे तुम्ही टाइप करता, बाकीचे लेटेक स्वतः मोजतं, म्हणून हा घोळ होतो. पॉलिग्लॉसिया (polyglossia) या भाषा निवडायच्या पॅकेजात मराठी निवडताना ‘न्युमरल्स’ (numerals) या पर्यायात देवनागरी द्या. हाताने एकेक आकडा बदलत बसू नका; मध्ये एक पान वाढलं की सगळं मुसळ केरात.

२. फाँटला लिपी देवनागरी आणि भाषा मराठी, दोन्ही सांगा. नुसती लिपी दिली तर काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी वाचकाला ते लगेच खटकतं.

३. फाँटात ठळक (बोल्ड) वळण आहे का, ते बघा. ‘टिरो देवनागरी मराठी’ मला फार आवडतो, पण त्यात ठळक नाही. कृत्रिम जाडी देऊ नका, अक्षरं गिचमीड होतात. पहिल्या पुस्तकाला आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ घ्या, त्यात ठळकही आहे.

कोष्टकांतले आकडे एकाखाली एक आणण्याचे पर्याय आत्ता राहू द्या. आधी दोन पानं छापून बघा.