आजोबांच्या पिकअपला दुसऱ्या गाडीची चेसी लावता येईल का?

प्रश्न : आजोबांची १९६८ सालची महिंद्रा जीप पिकअप आमच्या वाड्यामागे उभी आहे. आजोबा २००३ मध्ये वारले, तेव्हापासून गाडी जागची हललेली नाही. आरसी बुक त्यांच्याच नावावर आहे, तीन अक्षरी जुना नंबर. केबिनचा पत्रा, खालचा फ्लोअर, हौदा आणि फाळका गंजून गेलेत. मागच्या पाट्याच्या हँगरपाशी चेसीलाही, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यालाही, भोक पडलंय. गाडी घरीच दुरुस्त करून पुन्हा उभी करायची असं मी ठरवलंय. त्यासाठी भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलची दुसरी गाडी ६५,००० रुपयांना घेतली, पैसे यूपीआयने दिले. तिची चेसी, इंजिन, दारं चांगली आहेत. पण कागद एकही नाही आणि चेसीवरचा नंबर घासल्यासारखा दिसतो. एजंट म्हणतो, 'त्याच चेसीवर आजोबांच्या गाडीचा चेसी नंबर पंच करू आणि व्हिंटेजमध्ये पासिंग करून घेऊ.' चुलतभाऊ म्हणतो, गाडीत त्यांचाही हिस्सा आहे. मी काय करावं? – एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : पंच अजून मारलेला नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तो मारू नका आणि कोणाला मारूही देऊ नका. बाकीच्या सगळ्या अडचणींतून वाट निघते; एकदा पंच मारला की निघत नाही.

कायद्याच्या नजरेत तुमच्या आजोबांची गाडी म्हणजे दारं, बोनेट किंवा हौदा नव्हे. ती म्हणजे नंबर कोरलेली चेसी. सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखं समजा : वरचं घर पाडून नवं बांधता येतं, पण शेजारच्या जमिनीला आपला गट नंबर लावता येत नाही. दुसऱ्या चेसीवर आजोबांच्या गाडीचा नंबर ठोकला, तर रस्त्यावर येईल ती आजोबांची गाडी नसेल. कोणाची तरी अनोळखी गाडी आजोबांचं नाव लावून फिरत असेल. हा नुसता आरटीओचा दंड भरून सुटण्याचा विषय नाही. बनावटीकरण आणि फसवणुकीची कलमं लागतात, आणि ती एजंटाला नंतर लागतात, गाडीमालक म्हणून तुम्हाला आधी.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने मुळात जे तपशील दिले आहेत आणि जे आरसीवर आहेत, त्यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यातलं कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट लक्षात ठेवा.

पण दुरुस्ती म्हणजे बदल नव्हे. गंजलेला फ्लोअर कापून त्याच मापाचा नवा पत्रा जोडणं, दार किंवा मडगार्ड त्याच मॉडेलचं बसवणं, नवे पाटे टाकणं याला कलम ५२ आडवं येत नाही. आणि चेसीच्या बाबतीतही तुमच्यापुढे सरळ मार्ग आहे. भोक मागच्या हँगरपाशी आहे, नंबरापाशी नाही. मूळ चेसी ठेवा आणि तेवढाच भाग दुरुस्त करून घ्या. गंजलेला तुकडा काढून त्याच जाडीची प्लेट आतून-बाहेरून बसवून वेल्डिंग करणारे जाणकार कारागीर तुमच्याच जिल्ह्यात, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मिळतील. त्यांचं बिल घ्या, त्यावर 'चेसी दुरुस्ती' असं लिहून घ्या आणि कामाआधीचे, मधले, नंतरचे फोटो ठेवा. उद्या निरीक्षकाने वेल्डिंगकडे बोट दाखवलं तर हेच कागद उपयोगी पडतील.

यात एका गोष्टीला जपा. गंज काढायला सँडब्लास्टिंग करणार असाल किंवा ग्राइंडर लावणार असाल, तर नंबराच्या जागेला हातही लावू देऊ नका. अशा जुन्या गाड्यांचे कोरलेले आकडे फार खोल नसतात. वाळूचा मारा बसला की जातात. त्या जागेवर डिझेलचा बोळा रात्रभर ठेवा, सकाळी पितळी तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करा. मग पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासा. आकडे कागदावर उठतात. आरटीओत हीच 'पेन्सिल प्रिंट' चालत आली आहे. तीन-चार प्रिंट काढा, आरसी बुकाशी एकेक आकडा ताडून पाहा, तारीख घालून ठेवा. रंग देताना त्या जागेवर लांबी (पुट्टी) भरू नका, जाड थरही देऊ नका. जुनी गाडी नंबर दिसत नाही म्हणून परत पाठवली गेली की मालकाचे महिने जातात. ही काळजी आधीच घेतलेली बरी.

आता भंगारातून आलेल्या गाडीबद्दल. चेसीवरचा नंबर नसणं दोन प्रकारचं असतं. गाडी रीतसर भंगारात काढून आरसी रद्द करताना नंबराचा तुकडा कापून घेतात. तशी गाडी असेल तर त्या जागी चौकोनी भोक दिसेल आणि रद्द झालेल्या नोंदणीचा कागद कुठेतरी सापडेल. नंबर ग्राइंडरने घासलेला असणं ही वेगळी गोष्ट. तिथे पहिला संशय चोरीचाच येतो.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे, माल चोरीचा आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेतला किंवा ठेवला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. विकत घेताना तुमच्या मनात तसं काही नव्हतं, हे मी मानते. पण आता घासलेला नंबर तुम्ही पाहिला आहे, मला लेखी कळवलाही आहे. यापुढे 'मला शंकाच आली नाही' असं म्हणता येणार नाही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२४ आहे : संशयास्पद माल कुठून आला याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर तेवढ्यावरही कारवाई होते.

म्हणून त्या गाडीचा एक नटही आत्ता सोडवू नका. दारंसुद्धा नाहीत. भंगारवाल्याकडून लेखी मागा : गाडी कोणाकडून घेतली, मूळ आरसी किंवा ती रद्द केल्याचा कागद, तुमच्या नावाचं बिल, त्याच्या ओळखपत्राची प्रत. इंजिनाचा नंबर शाबूत आहे का तेही बघा. या जातीच्या चार सिलिंडर इंजिनात तो ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या, पुढच्या बाजूला, वॉटर पंपाजवळच्या उंचवट्यावर कोरलेला असतो. तो सापडला तर चोरीच्या वाहनांची नोंद पाहण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ऑनलाइन सोय आहे; तिथे तपासून निघणारं पत्र जपून ठेवा. कागद आले आणि नोंद स्वच्छ निघाली, तर दारं, काचा, हौदा, पाटे, अ‍ॅक्सल बिनधास्त वापरा. कागद आले नाहीत, तर यूपीआयच्या व्यवहाराची प्रत जोडून स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पोलीस गाडी जप्त करू शकतात, तो त्यांचा अधिकार आहे. पण स्वतःहून कळवणारा माणूस आणि वाड्यात गाडी सापडलेला माणूस यांच्यात कोर्टापुढे फार अंतर असतं. हे वाचून भीती वाटेल. वकील सोबत घेऊन जा, भीती कमी होते.

इंजिनाचंही सांगते. आजोबांच्या इंजिनाचा ब्लॉक फुटलेला नसेल तर तोच ठेवा. त्याच्या पोटात दुसऱ्या इंजिनाचं हेड, क्रँक, पिस्टन, कार्ब्युरेटर, स्टार्टर घातल्याने आरसीवरचा तपशील बदलत नाही, कारण नंबर ब्लॉकवर आहे. ब्लॉकच गेला असेल तर त्याच जातीचं, बिल आणि मूळ कागद असलेलं इंजिन घ्या आणि आधी आरटीओत अर्ज करा. कलम ५२ मध्ये असे बदल १४ दिवसांत कळवण्याचीही तरतूद आहे, पण मुदतीच्या भरवशावर काम करण्यापेक्षा परवानगी आधी घेतलेली चांगली. पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन बसवण्याचा मोह या गाड्यांच्या बाबतीत अनेकांना होतो. तुमच्या कागदांच्या आजच्या अवस्थेत तो विचार सोडून द्या.

एजंटाची व्हिंटेजची सूचना निव्वळ चुकीची आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांचे नियम आले. ते पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकींना आणि एम-१ वर्गातल्या, म्हणजे प्रवासी चारचाकींना लागू आहेत. पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर ती या व्याख्येत बसतच नाही. शिवाय गाडी मूळ स्वरूपात हवी; चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे एजंट ज्या दोन गोष्टी सुचवतोय, त्यातली पहिली केली की दुसरी आपोआप हातची जाते. आणि व्हिंटेज नोंदणी मिळाली तरी अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा मोजक्या कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला शेतावर जायला-यायला गाडी हवी असेल तर तिचा उपयोग काय?

तेव्हा साध्या नोंदणीचं नूतनीकरण हाच तुमचा मार्ग. आरसीवर वाहनाचा वर्ग काय लिहिलाय ते आधी वाचा. खासगी असेल तर पुन्हा पाच वर्षांसाठी नोंदणी मिळते. मालवाहू असेल तर फिटनेस प्रमाणपत्रावर सगळं अवलंबून. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर वयाची बंदी आहे, तशी महाराष्ट्रात नाही. इतकी जुनी नोंद संगणकात बहुधा नसेल. मूळ आरसी बुक दाखवून 'बॅकलॉग' नोंद करून घ्यावी लागेल, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून घ्यावी लागेल. ते बुक हरवू नका, लॅमिनेशनही करू नका. पर्यावरण कर, नूतनीकरणाची फी आणि उशिराची जादा फी भरावी लागेल. थकीत कराचा प्रश्न निघेलच. गाडी वापरात नसल्याचं घरातल्या कोणी आरटीओला 'नॉन-यूज'मध्ये कळवलं होतं का, ते जुन्या कागदांत शोधा. अशी एखादी जुनी पावती मोठी रक्कम वाचवू शकते.

आता चुलतभावाचं. त्याचं म्हणणं मुळात बरोबर आहे. आजोबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार गाडी आजी, सगळे मुलगे आणि सगळ्या मुली यांची. तुमचे वडील हयात असतील तर तुम्ही स्वतः वारसच नाही. वारस आजी, तुमचे वडील, काका आणि आत्या. आत्यांना विसरू नका. गाडीच्या कामात त्यांना कोणी विचारत नाही आणि नेमकं तिथेच पुढे अडतं. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करण्याचा फॉर्म ३१ भरायचा असतो. ती मुदत केव्हाच गेली आहे, पण त्यामुळे वारसांचा हक्क जात नाही, उशिराचा खुलासा द्यावा लागतो. मृत्यू दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं आणि ना-हरकत जोडा. कोणी सही द्यायला नकार दिला तर दिवाणी न्यायालयातून १८२७ च्या मुंबई विनियमाखाली वारस प्रमाणपत्र घ्यावं लागेल, आणि त्यात वेळ जाईल.

मी तर म्हणेन, पुढचा रुपया खर्च करण्याआधी काका-आत्यांना एकत्र बसवा आणि कागद करा : गाडी कोणाच्या नावावर होणार, खर्च कोणाचा, उद्या विकली तर पैसे कसे वाटायचे. आज गंजलेल्या सांगाड्याबद्दल सगळे सही देतील. रंग लागून गाडी वाड्यातून बाहेर आली की तोच कागद मिळवणं अवघड जातं.

काम चालू असताना गाडी रस्त्यावर काढू नका, गावातल्या गल्लीतही नाही. लोकांची वहिवाट असलेली वाट कायद्याने सार्वजनिक जागाच ठरते. आपल्या शेतात चालवून बघा. आरटीओत न्यायची तेव्हा टोइंग करून न्या. विमा नसताना गाडीखाली कोणी आलं तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते आणि तिला मर्यादा नसते. घरी वेल्डिंग करताना पेट्रोलची टाकी आधी उतरवून लांब ठेवा आणि कापकामाला घरगुती गॅस सिलिंडर वापरू नका. ते धोक्याचं आहे आणि बेकायदाही.

राहिले तुमचे ६५,००० रुपये. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम १४ प्रमाणे विकणाऱ्याला ती वस्तू विकण्याचा हक्क आहे, ही प्रत्येक विक्रीतली गृहीत अट असते. भंगारवाला मालकीचा कागद देऊ शकला नाही तर पैसे परत मागायचा तुमचा हक्क आहे. पावती दिली नसली तरी यूपीआयची नोंद आणि तुमच्यातले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज हा पुरावा आहे. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. त्याला स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस पाठवा, आणि नोटिशीत गाडीचं वर्णन लिहिताना नंबर कोणत्या जागी आणि कसा घासलेला आहे तेही स्पष्ट लिहा.